मध्यस्थीच्या प्रार्थनेतून गाळलेली नावं: आमच्या पाळकसाहेबांना आणि पंचांना खुलं पत्र

माननीय पाळकसाहेब आणि मंडळीचे सर्व पंच,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

हे सगळं मी आधी तुम्हालाच लिहिलं होतं, दोनदा. पहिलं पत्र ऑगस्टमध्ये बंद पाकिटात चिटणिसांच्या हाती दिलं, दुसरं ऑक्टोबरात. दोन्हीची पोच मिळाली, उत्तर एकाचंही नाही. तरी गप्प बसले असते. पण मधल्या काळात नगरबाहेरच्या तीन-चार मंडळ्यांतल्या बायकांचे फोन आले, "बाई, आमच्याकडेही हेच चाललंय." म्हणजे गोष्ट घरातल्या घरात मिटवण्यासारखी उरलेली नाही. मंडळीचं नाव मी लिहिलेलं नाही, तुमचीही नाहीत. ओळखणारे ओळखतील, त्याला माझा इलाज नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी काय घडलं ते सांगते.

२९ जून २०२५, रविवार. मध्यस्थीच्या प्रार्थनेची, म्हणजे इतरांसाठी देवाकडे मागायच्या प्रार्थनेची, पाळी महिला मंडळाची होती आणि महिला मंडळाने ती माझ्या गळ्यात घातली. आदल्या रविवारी, २२ जूनला, सीरियातल्या दमास्कसच्या मार एलियास चर्चमध्ये उपासना चालू असताना एक जण गोळ्या झाडत आत शिरला आणि त्याने स्वतःला उडवून दिलं. पंचवीस माणसं गेली. रविवारचे कपडे घालून देवळात आलेली, तुमच्या-माझ्यासारखी माणसं. मी त्यांच्यासाठी प्रार्थना केली. मग मणिपूरचं नाव घेतलं, गाझातल्या मुलांचं घेतलं, ओलीस धरलेल्या इस्राएली माणसांचं आणि त्यांच्या आयांचं घेतलं. सुदानपाशी आले आणि माईक बंद पडला. पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेल्या बाईला माईक लागत नाही, उरलेली प्रार्थना तशीच पुरी केली. पुढच्याच मिनिटाला प्रीतिभोजनाच्या कुपनांची सूचना त्याच माईकवरून खणखणीत ऐकू आली.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात फलकावर ठराव लागला. शब्दशः असा: "मध्यस्थीच्या प्रार्थनेत देश-विदेशातील राजकीय व वादग्रस्त विषय घेऊ नयेत. प्रार्थना मंडळीतील आजारी, परीक्षार्थी, नोकरी, विवाह व वाढदिवस यांपुरती मर्यादित ठेवावी." त्याखाली दुसरा: "पेटी-तबल्यावरील भजने महिन्यातील फक्त पहिल्या रविवारी घ्यावीत."

दोन ठराव एकाच कागदावर, एकाच दिवशी. तुम्हाला ते वेगळे वाटले असतील. मला ते एकच वाटतात, आणि का, ते पुढे सांगते.

"बाईंना एवढं का लागलं?" असं एक पंच बाहेर म्हणाले, हे माझ्या कानावर आलं. ते नात्याने माझे भाचे लागतात, तेव्हा त्यांना घरचंच उत्तर देते. त्यांच्या आईलाही ही गोष्ट पाठ होती.

माझी पणजी शेवगावकडची. १८९९-१९०० च्या दुष्काळात घरातली मोठी माणसं एकामागून एक गेली, तेव्हा ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन चालत नगरला मिशनच्या दारात आली. त्या दिवसांबद्दलची तिची एकच आठवण आमच्या घरात टिकली आहे: पिवळा मका. तिने जन्मात बाजरी-ज्वारीच पाहिलेली. हे दाणे कुठले म्हणून तिने विचारलं, तर मिशनच्या बाईने सांगितलं, समुद्रापलीकडच्या लोकांनी पाठवलेत. १९०० साली न्यूयॉर्कहून क्विटो नावाचं जहाज मका भरून मुंबईला आलं होतं, हे मला नोकरीत असताना कधीतरी वाचायला मिळालं. पणजीच्या ओंजळीतला मका त्याच जहाजातला होता की दुसऱ्या कुठल्या, ते कोण सांगणार. पण ज्यांनी तो पाठवला त्यांना शेवगाव कुठे आहे हे माहीत नव्हतं. त्यांच्यातलं कुणीतरी एखाद्या रविवारी उभं राहून "हिंदुस्थानातल्या उपाशी माणसांसाठी" असं म्हटलं असणार, त्याशिवाय थैल्या भरल्या नसत्या. आणि तो दुष्काळ काय कमी वादग्रस्त होता? सरकारचं चुकलं की पावसाचं, यावर इकडे-तिकडे वर्तमानपत्रं भांडत होती. तिथल्या पंचांनी तुमच्यासारखा ठराव केला असता, तर आज हे पत्र लिहायला मी नसते. भाचेही ठरावावर सही करायला नसते.

१९७२ चा दुष्काळ तर मी स्वतः पाहिलाय. दहा वर्षांची होते. शाळेत सुकडी मिळायची आणि रेशनवर ती लालसर मिलो ज्वारी. परदेशातून आलेल्या त्या धान्याला आम्ही पोरं नाकं मुरडायचो. आजी म्हणायची, "नावं ठेवू नका, कुणीतरी आपलं नाव घेतलंय म्हणून आलंय ते." तेव्हा कळलं नाही. आता ठराव वाचला आणि कळलं.

तर माझी पहिली तक्रार नावं गाळण्याची.

ठराव लागल्यानंतर पंधरा दिवसही झाले नव्हते. १७ जुलैला गाझातल्या होली फॅमिली चर्चवर तोफगोळा पडला. तिथलं ते एकमेव कॅथलिक चर्च. शेकडो माणसं महिनोन् महिने त्याच्या आवारात आसऱ्याला होती. तीन जण गेले, पाळक जखमी झाले. हे तेच चर्च, जिथे पोप फ्रान्सिस जवळजवळ रोज संध्याकाळी फोन करत. काय जेवलात, मुलं कशी आहेत, एवढंच विचारत. एप्रिलमध्ये ते वारले, त्याच्या दोन दिवस आधीही त्यांनी तो फोन केला होता. ८८ वर्षांचा, फुप्फुसाच्या आजारातून जेमतेम उठलेला माणूस. आणि २० जुलैच्या रविवारी आपण काय केलं? मी घड्याळ लावून बसले होते. वाढदिवसांना साडेसहा मिनिटं गेली, लग्नाच्या वाढदिवसांना चार. वाढदिवसांवर माझा राग नाही, माझाही त्या महिन्यात होता. पण केक कापल्यासारखी ती प्रार्थना चालू असताना मला त्या टेलिफोनची सारखी आठवण येत होती.

तुम्ही म्हणता, राजकारण देवळाबाहेर. मग लूकच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय काढा. काही लोक येशूला ताजी बातमी सांगायला येतात: पिलाताने गालीली लोकांचं रक्त त्यांच्याच यज्ञात मिसळलं. राज्यपालाने, देवळात, यज्ञ चालू असताना माणसं कापली. याहून राजकीय बातमी कोणती? येशू "हा विषय नको" म्हणत नाही. उलट आपणहून दुसरी बातमी जोडतो, शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेल्याची. आणि ऐकणाऱ्यांना विचारतो, ती माणसं तुमच्यापेक्षा जास्त पापी होती असं वाटतं का तुम्हाला? अठरा हा आकडा वाचला की मी दर वेळी अडखळते. १९ ऑक्टोबर २०२३ ला गाझातल्या सेंट पॉर्फिरियस चर्चच्या आवारात इमारत कोसळून मेलेल्यांचा आकडाही अठराच सांगितला गेला. त्यावर आपल्या व्हॉट्सॲप गटात कुणीतरी लिहिलं होतं, "भविष्यवाणी पूर्ण होत आहे," आणि पुढे हात जोडलेली चार चित्रं. येशूने जो प्रश्न विचारला तो त्या गटात कुणालाच सुचला नाही.

इथूनच माझी दुसरी तक्रार सुरू होते. राजकारण देवळाबाहेर ठेवायचं, हे तरी खरं आहे का?

प्रवेशदाराजवळ 'पवित्र भूमी यात्रा, दहा दिवस' असा फलक आहे, त्यावर इस्राएलचा झेंडा आहे. बाहेरून आलेल्या एका पाहुण्या उपदेशकांनी आपल्याच व्यासपीठावरून पाऊण तास टेक्सासहून इस्राएलला नेलेल्या पाच लाल कालवडींची गोष्ट सांगितली, बायबलातल्या गणना पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायाशी (लाल कालवडीच्या राखेने शुद्ध व्हायचा विधी तिथे आहे) तिचा सांधा जुळवला, आणि आता यरुशलेमचं मंदिर उभं राहील, महायुद्ध होईल, आपण मात्र स्वर्गात उचलले जाऊ, असं हसतमुखाने जाहीर केलं. कालवडी २०२२ मध्ये नेल्या होत्या हे खरं आहे. पण त्या पाऊण तासात माणसांचं नाव एकदाही आलं नाही. तेव्हा माईक बंद पडला नाही. ते राजकारण नव्हतं का? की आपल्याला आवडणारं ते भाकीत आणि न आवडणारं ते राजकारण?

मी इस्राएलच्या विरोधात आहे, असा समज तुमच्यापैकी काहींनी करून घेतलाय. त्यांना सांगते. माझे वडील अलिबागला नोकरीला होते, तेव्हा आमच्या शेजारी बेने इस्राएल कुटुंब राहायचं. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावातले म्हातारे त्यांना अजून शनवार तेली म्हणायचे. त्या घरातल्या आजीने मला पुरणपोळी लाटायला शिकवली. १९७१ मध्ये ते सगळे तिकडे गेले. आजीची पत्रं मराठीत यायची, दिमोना गावाहून, वळणदार मोडीमिश्रित अक्षरात. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने सीमेपलीकडे घुसून सुमारे बाराशे माणसं मारली आणि अडीचशेच्या वर माणसं धरून नेली, त्या संध्याकाळी मी आजीच्या नातीला फोन लावला. ती बंकरमधून मराठीत म्हणाली, "आम्ही बरे आहोत गं, तू घाबरू नकोस." मी घाबरू नको! त्या घरासाठी मी दोन वर्षं रोज प्रार्थना केली. देवळातल्या झेंड्याला तिचं नावसुद्धा माहीत नाही.

आणि त्याच झेंड्याच्या सावलीत बेथलेहेममधली मंडळी आपल्याला दिसेनाशी झाली. यात्रेहून येताना आपण जैतुनाच्या लाकडाचे उंट, गव्हाणी आणतो. माझ्या जावेने आणलेला एक उंट माझ्याही टीव्हीवर आहे. तो कोरणारे हात बहुतेक पॅलेस्टिनी ख्रिस्ती माणसाचे असतात, हे यात्रेत कुणी सांगितलं होतं का? २०२३ च्या नाताळात बेथलेहेमने रोषणाई केली नाही, झाड उभारलं नाही. तिथल्या लुथरन चर्चने बाळ येशूला गव्हाणीत न ठेवता सिमेंटच्या ढिगाऱ्यात ठेवलं. तो फोटो जगभर गेला. मी तेव्हा सुचवलं होतं की आपल्याही गव्हाणीजवळ एक फुटकी वीट ठेवू या, बस्स, एकच. उत्तर आलं, "लहान मुलांना वाईट दिसेल, आणि सजावटीचं कंत्राट दिलंय."

झेंडा देवळात आला की काय होतं हे बघायला फार लांब जायला नको. युक्रेनवर रशियाने युद्ध लादलं, तेव्हा मॉस्कोच्या धर्मगुरूंनी, पॅट्रिआर्क किरिल यांनी, सप्टेंबर २०२२ मध्ये प्रवचनात सांगितलं की कर्तव्य करताना मरणाऱ्या सैनिकाची पापं त्या बलिदानाने धुतली जातात. पापं कशाने धुतली जातात हे आपण संडेस्कूलच्या पोरांनाही शिकवतो. एवढा मोठा धर्मगुरू ते विसरतो, तर आपल्या व्यासपीठावरचा पाहुणा काय विसरणार नाही?

आता तिसरी तक्रार, आणि ही माझ्या जिवाच्या जवळची आहे. भजनांची.

ड्रमसेटवर माझा राग नाही. तरुण संघाची पोरं मनापासून वाजवतात. पण हिंदी-इंग्रजीतून उचललेली जी गाणी पडद्यावर येतात, त्यातली वीस मी वहीत उतरवून घेतली आणि सवयीप्रमाणे लाल पेन घेऊन बसले. आशीर्वाद, विजय, चमत्कार, सामर्थ्य. 'मी', 'मला', 'माझं' मोजून थकले. वीसांपैकी एकाही गाण्यात कुणी रडत नाही. देवाला कुणी "का?" म्हणून विचारत नाही. स्तोत्रसंहितेत असं गाणं पाना-पानावर आहे, बावीसावं स्तोत्र तर प्रभूने वधस्तंभावर म्हटलं. हबक्कूक पहिल्याच ओळींत देवाला विचारतो, मी किती वेळ ओरडू? विलापगीत नावाचं अख्खं पुस्तक पवित्र शास्त्रात आहे. आपल्या नव्या गाण्यांत मात्र शोकाला जागा नाही.

ती जागा आपल्या जुन्या भजनांत होती, कारण ती ज्या मातीतून आली तिथे देवाशी भांडायची रीत होती. जनाबाई विठ्ठलाला शिव्या देते, तुकोबा त्याच्याशी हुज्जत घालतात, आणि त्यांना कुणी पाखंडी म्हणत नाही. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पण आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, हे त्यांनी कधी लपवलं नाही. त्यांची, कृष्णराव सांगळ्यांची भजनं, आपल्या नगरमध्ये सुरू झालेलं ख्रिस्ती कीर्तन, हे सगळं त्या पुलावरूनच आलेलं आहे. त्याही आधी, १६१६ मध्ये, एका इंग्रज जेझुइटाने, फादर स्टीफन्सने, गोव्यात येशूची कथा मराठी ओव्यांत छापली आणि सुरुवातीलाच मराठीचं कौतुक केलं: फुलांत मोगरी, परिमळांत कस्तुरी, तशी ही भाषा. परक्या देशात जन्मलेल्या माणसाला आपल्या भाषेत देव सापडला. आपल्या पंचांना तो महिन्यातून एकदाच, पहिल्या रविवारी सापडतो. (आणि 'मंडळी' हा आपला इतका चांगला शब्द असताना सूचनांत 'कलीसिया' कुठून आलं, हे एकदा कुणीतरी सांगावं.)

तरुण संघातला एक मुलगा, माझाच विद्यार्थी, प्रामाणिकपणे म्हणाला, "बाई, दुःखाची गाणी लावली की लोक येत नाहीत." असेल. पण एक गोष्ट तुम्ही सगळ्यांनी पाहिलीय. घरात मयत झालं की ड्रमसेट कुणी मागवत नाही. मला फोन येतो, पेटी घेऊन या म्हणून. २०२१ च्या एप्रिलमध्ये, जेव्हा मातीला पाच-दहा माणसांपलीकडे कुणाला येऊ देत नव्हते, तेव्हा मी घरात बसून फोनवरून भजनं म्हटली आणि कब्रस्तानात कुणीतरी तो फोन उंच धरून उभं राहिलं. एकदा तो हात आपल्या आताच्या एका पंचांचाच होता. पडद्यावरची गाणी तेव्हा त्यांनाही आठवली नाहीत. म्हणून म्हणते, हे दोन ठराव एकच आहेत. रडायची भाषा काढून घेतली की दमास्कसमधल्या पंचवीस माणसांसाठी काय बोलायचं ते सुचत नाही. मग 'वादग्रस्त' हा शब्द सुचतो.

एक गोष्ट मात्र मी तुमच्या बाजूने लिहिणार आहे, कारण ती खरी आहे. तुम्हाला भीती वाटते.

ती खोटी नाही. प्रार्थनासभा बंद पाडल्याच्या बातम्या येतात. कुणीही व्हिडिओ काढतो, 'धर्मांतर' हा एक शब्द त्याखाली लिहितो, आणि पाळकांना पोलीस ठाण्यात बसावं लागतं. धर्मांतरविरोधी कायद्याची चर्चा आपल्या राज्यातही होते. मणिपूरमध्ये ३ मे २०२३ पासून अडीचशेच्या वर माणसं गेली, साठ हजारांच्या आसपास बेघर झाली, चर्चही जळली, देवळंही जळली. आणि त्याबद्दल इथे तोंड उघडलं तर कोण काय म्हणेल, असं तुमच्या मनात येणं मी समजू शकते. आदिवासींमध्ये काम करणारे, भीमा-कोरेगाव प्रकरणात अटक झालेले फादर स्टॅन स्वामी ८४ वर्षांचे, हात थरथरायचे, पाणी प्यायला नळीचा पेला मागावा लागला, आणि ५ जुलै २०२१ ला मुंबईत, कोठडीत असतानाच, रुग्णालयात वारले. त्या आठवड्यातही आपण गप्प होतो. मीही होते. हे तुमच्या एकट्याच्या खात्यावर टाकत नाही.

पण मग ठरावात तसं लिहा. "आम्हाला भीती वाटते, म्हणून सध्या नावं घेत नाही." मी पहिली सही करेन. भीती देवापुढे मांडता येते, शिष्यांनी ती दारं बंद करून मांडलीच होती. तिला 'वादग्रस्त विषय' असं नाव दिलं की ती कारभार होऊन बसते आणि मग कुणी ती बोलूनही दाखवत नाही.

आणि भीती आपल्या आधीच्यांनाही होती. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग होता. सरकारी प्लेग रुग्णालयातली अनागोंदी, आपल्या आश्रयातल्या एका मुलीचे तिथे झालेले हाल पंडिता रमाबाईंनी बॉम्बे गार्डियन या ख्रिस्ती वृत्तपत्रात पत्र लिहून मांडले. राज्य इंग्रजांचं, म्हणजे म्हणायला 'आपल्या धर्माच्या' लोकांचं. रमाबाईंच्या कामाला पैसा येत होता तोही बराचसा परदेशातून. हिंदू समाज तर त्यांच्यावर आधीच रागावलेला. गप्प राहायची इतकी कारणं फार थोड्या बायकांकडे असतील. ते पत्र मुंबईच्या गव्हर्नरापर्यंत गाजलं. आपण केडगावला, रमाबाईंच्या मुक्ती मिशनला, दर वर्षी बस काढतो, त्यांच्या समाधीवर फुलं ठेवतो, परत येताना वाटेत भेळ खातो. त्यांच्या त्या पत्राबद्दल बसमध्ये कधी बोलणं निघालेलं मला आठवत नाही.

फादर दिब्रिटोंचंही सांगते. ते कॅथलिक, वसईचे. आपण प्रॉटेस्टंट, नगरचे. पण २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली, तेव्हा धमक्या आल्या आणि पाठीच्या दुखण्याने त्यांना उभंही राहवत नव्हतं. तरी ते गेले आणि व्यासपीठावरून देशात काय चाललंय त्यावर मराठीत बोलले. त्या दिवशी माझ्या शेजारच्या हिंदू बाई मला येऊन म्हणाल्या, "तुमचे फादर छान बोलले हो." 'तुमचे' म्हणाल्या, आणि मला कॅथलिक-प्रॉटेस्टंट सांगायचं सुचलंच नाही.

आता मागण्या. आडवळणाने मागत नाही.

पहिला ठराव मागे घ्या. मध्यस्थीच्या प्रार्थनेत पाच मिनिटं मंडळीबाहेरच्या दुःखासाठी ठेवा. नावं घ्या, सगळ्या बाजूंची घ्या, आणि कुणाचं बरोबर कुणाचं चूक ते त्या पाच मिनिटांत ठरवू नका. प्रार्थना म्हणजे अग्रलेख नव्हे, हे मलाही मान्य आहे. ज्याची पाळी असेल त्याने कागद शनिवारी पाळकसाहेबांना दाखवावा, मला चालेल. मात्र माईक बंद करायचा असेल तर व्यासपीठावर येऊन, सांगून करावा.

यात्रेच्या फलकावरचा झेंडा काढा. यात्रा जरूर काढा, पण दहा दिवसांतला एक रविवार बेथलेहेममधल्या जिवंत मंडळीबरोबर उपासनेत घालवा. दगड बघून झाले असतील तर माणसं बघून या. पाहुण्या उपदेशकांना बोलावण्याआधी ते काय शिकवतात याची चौकशी करा, एवढी तसदी आपण पोरीसाठी स्थळ बघताना घेतोच.

भजनं महिन्यातून निदान दोन रविवार हवीत. गायला माणसं नाहीत हे कारण नको. दर गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता माझ्या घरी पेटी उघडी असेल, पोरांना पाठवा, फी नाही. ड्रम वाजवणाऱ्या मुलाला विशेष आमंत्रण. त्याचा ठेका पक्का आहे, भजनी ठेका त्याला दोन महिन्यांत येईल.

आणि हे सगळं पंचांच्या खोलीत नको. वार्षिक सभेत सगळ्या सभासदांपुढे मांडा, बायकांना बोलू द्या, मग मत घ्या. मत माझ्याविरुद्ध गेलं तर मी याच मंडळीत, याच बाकावर बसेन. दुसरीकडे जाणार नाही. माझी चार पिढ्यांची माणसं इथल्या कब्रस्तानात आहेत.

पाळकसाहेब, तुम्ही वयाने माझ्या थोरल्या मुलाएवढे. तुम्ही इथे आलात त्या वर्षी माझे पती वारले, आणि तुम्ही सलग तेरा संध्याकाळी घरी येऊन बसलात, फारसं न बोलता. ते मी विसरलेले नाही. म्हणूनच हे पत्र तुमच्या वरच्यांकडे न पाठवता तुमच्याकडेच लिहिलंय, फक्त या वेळी दार उघडं ठेवून.

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मध्यस्थीची पाळी पुन्हा महिला मंडळाची आहे आणि त्यांनी ती पुन्हा माझ्याच गळ्यात घातली आहे. कागद तयार आहे. त्यात दमास्कस आहे, दिमोना आहे, गाझा आहे, मणिपूर आहे, युक्रेन आहे, गेल्या वेळी राहिलेलं सुदान आहे. मंडळीतले सहा आजारीही आहेत, आणि भाच्यांच्या मुलीची बारावी. शनिवारी दुपारनंतर मी घरीच असते.

आपली,
मंडळीची सभासद आणि संडेस्कूलची जुनी शिक्षिका
अहिल्यानगर, आगमनकाळ २०२५